वीज कुठे जाऊ नये

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले की घरात आनंद होतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं कौतुक होतं. ते रास्तच आहे. पण त्या दिवशी उपचार संपलेला नसतो, खरं तर सुरूही झालेला नसतो. मेंदूत खोलवर एक तार गेलेली असते, छातीच्या कातडीखाली बॅटरीची डबी बसवलेली असते. आता वीज किती सोडायची, तारेच्या कोणत्या टोकातून सोडायची, स्पंद किती रुंद आणि सेकंदाला किती, हे ठरवायचं असतं. दवाखान्यात याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या डीबीएसचं, यशापयश यावर फार अवलंबून असतं. चर्चा मात्र त्याची क्वचितच होते.

माझं काम या प्रोग्रॅमिंगच्या मागच्या खोलीतलं. रुग्णाच्या मेंदूचं संगणकात मॉडेल करायचं, त्यात त्याची तार जिथे आहे तिथेच बसवायची आणि अमुक वीज सोडली तर ती कुठवर पोचते, कोणते मज्जातंतू उद्दीपित करते, याचं गणित मांडायचं. मी मूळची सांगलीची. तिथल्याच वालचंद महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकी केली, काही वर्षं वीज उपकेंद्रांच्या अर्थिंगची गणितं केली आणि मग पीएच.डी.साठी अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलँडला गेले. डीबीएसच्या मॉडेलिंगचं बरंचसं पायाभूत काम याच शहरात झालं. तिथे पोचले तेव्हा मेंदूबद्दल मला शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाइतकंच ठाऊक होतं.

अर्थिंगचा मात्र उपयोग झाला. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या नळीतून वीज मातीत उतरते तेव्हा भोवती व्होल्टेज पसरतं आणि लांब जाता जाता उतरत जातं. पावसाळ्यात खांबाजवळ गाय मरते आणि तिच्या शेजारी उभा असलेला माणूस वाचतो, कारण गायीच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर जास्त, म्हणून तिच्या अंगावर येणारा व्होल्टेजचा फरकही जास्त. मज्जातंतूचं बरंचसं असंच आहे. तो आहे त्या जागी व्होल्टेज किती, याला फारसा अर्थ नसतो; त्याच्या लांबीवर ते कसं बदलतं, याला असतो. इथे गाय मात्र अपुरी पडते. तंतू लांब आणि सरळ असेल आणि व्होल्टेज त्याच्यावर एकसारखं उतरत असेल, तर तो ढिम्म राहतो. उतार जिथे झपाट्याने बदलतो तिथे तो पेटतो. व्हिएन्नाच्या फ्रँक रॅटाय यांनी १९८६ मध्ये हे गणिताच्या भाषेत मांडलं आणि आमचा अर्धा विषय त्यावर उभा आहे. मातीच्या जागी मेंदू आला, समीकरण तेच राहिलं, लाप्लासचं.

फरक पडला तो मापांत. उपकेंद्राचं अर्थिंग मीटरमध्ये मोजतात. कंपवातात ज्या केंद्रकाला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या पुंजक्याला, सर्वाधिक वेळा लक्ष्य केलं जातं ते सबथॅलॅमिक न्यूक्लियस, आमच्या बोलण्यातलं एसटीएन, लांबीला सेंटीमीटरभर आणि जाडीला काही मिलिमीटर. त्यात जाणारी, त्या काळी सर्रास वापरली जाणारी तार १.२७ मिलिमीटर व्यासाची. तिच्या टोकाशी धातूची चार कडी, प्रत्येक दीड मिलिमीटर उंचीचं, दोन कड्यांमध्ये अर्धा मिलिमीटर मोकळी जागा. केंद्रकाच्या बाहेरच्या बाजूला इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे हातापायांकडे, चेहऱ्याकडे, जिभेकडे हुकूम नेणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा. वीज तिकडे सांडली की स्नायू आखडतात, जीभ जड होते. आतल्या बाजूला डोळ्याच्या हालचालीची नस. तिला लागलं की एकाचे दोन दिसतात. मागे स्पर्शाच्या संवेदना वर नेणारा पट्टा. तिथे वीज गेली की हातात मुंग्या. आणि खुद्द केंद्रकातही सगळी जागा सारखी नाही. वरचा-बाहेरचा भाग हालचालींशी जोडलेला, खालचा-आतला भाग विचार आणि भावनांशी. म्हणजे वीज बाहेर सांडली नाही तरी घरातच चुकीच्या खोलीत जाऊ शकते.

ही सगळी वाट खुली केली ती फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या आलिम-लुई बेनाबिद यांनी. तोवर कंप थांबवायला थॅलॅमस या मेंदूच्या भागातली जागा जाळून टाकत. १९८७ मध्ये अशाच एका शस्त्रक्रियेत, जागा तपासण्यासाठी वीज देऊन बघताना, त्यांच्या लक्षात आलं की सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंद दिले की कंप थांबतो. जाळून नष्ट करायची जागा नुसत्या विजेने शांत होत असेल तर जाळायची कशाला? पुढे १९९० मध्ये हागाई बर्गमन, थॉमस विचमन आणि मॅलन डिलाँग यांनी माकडांमध्ये दाखवलं की एसटीएन निकामी केलं तर कंपवाताची लक्षणं उतरतात, आणि बेनाबिदांच्या गटाने तिथेही तार नेली. अमेरिकेत २००२ मध्ये कंपवातासाठी या जागेला मान्यता मिळाली. उपचार आधी आला. तो का चालतो, हे कोडं मागाहून सोडवायला घेतलं गेलं. वीज देणं आणि जाळणं यांचा परिणाम सारखाच, म्हणजे वीज पेशींना गप्प करते, असं बराच काळ मानलं जायचं. २००४ मधल्या एका मॉडेलने त्यात गुंतागुंत आणली: पेशीचा गाभा गप्प होतो, पण तिचाच पुढे गेलेला तंतू स्पंदांच्या तालावर उद्दीपित होत राहतो. एकच पेशी, दोन वागणुकी. मॅकइंटायर, ग्रिल, शर्मन आणि ठाकोर यांचा तो लेख. त्यातले नितीश ठाकोर हे आयआयटी मुंबईचे, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

मॉडेल करायचं म्हणजे रोज काय करायचं? आधी शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय आणि नंतरचा सीटी एकमेकांवर बसवायचे. सीटीत तार पांढरीफटक, भोवती चकाकीचं वलय. त्यातून तिचा खरा मध्य काढायचा. एसटीएन साध्या एमआरआयवर धड दिसत नाही, म्हणून मेंदूचा नकाशा त्या रुग्णाच्या मेंदूच्या आकाराप्रमाणे ताणून-आवळून बसवायचा. मग सगळ्या भागाचे लक्षावधी बारीक चौफलक, म्हणजे चार बाजूंचे तुकडे, करायचे, तारेजवळ अगदी सूक्ष्म, लांब गेल्यावर मोठे, आणि प्रत्येकाला विद्युतवाहकता द्यायची. मेंदूतल्या पाण्यातून वीज सहज वाहते. करड्या भागाची वाहकता त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकी, पांढऱ्याची आणखी कमी, आणि तीही तंतूंच्या दिशेने जास्त, आडवी कमी. तारेभोवती शरीर काही आठवड्यांत एक पातळ वेष्टण तयार करतं, त्याची वाहकता वेगळी धरायची. हे झालं की त्यातून निघालेल्या विद्युतक्षेत्रात मज्जातंतूंची मॉडेलं पसरायची. तंतूच्या पडद्यातून आयन कसे ये-जा करतात याची समीकरणं हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या तंतूवरून मांडली; सस्तन प्राण्यांसाठी सुधारलेली त्यांचीच पुढची आवृत्ती आम्ही वापरायचो. गणित रात्री लावायचं, सकाळी येऊन बघायचं. पुष्कळदा सकाळी पडद्यावर एररच दिसायचा, कारण कुठेतरी एक चौफलक चपटा होऊन बसलेला असे.

सगळ्यात कटकटीची गोष्ट म्हणजे मेंदू जागेवर राहत नाही. कवटीला छिद्र पडलं की थोडा द्रव बाहेर येतो, हवा आत शिरते, मेंदू किंचित खाली बसतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या सीटीत तार एका जागी दिसते आणि हवा जिरून मेंदू परत वर आल्यावर दुसऱ्या. मिलिमीटरभराचा हा फरक अर्थिंगवाल्याने सोडून दिला असता. इथे मिलिमीटरभर म्हणजे एक कडं वर की खाली, हा प्रश्न. म्हणून घाईचा सीटी आला की मी तो सरळ परत पाठवायची आणि काही आठवड्यांनंतरचा मागायची. लोक वैतागायचे.

या सगळ्यातून शेवटी एक चित्र तयार होतं. करड्या मेंदूत हिरवं केंद्रक, त्यात तार आणि तारेभोवती लाल फुगा: इतक्या विजेला इतका भाग उद्दीपित होतो. बैठकीत हे चित्र लावलं की सगळे पुढे वाकतात. मला या चित्राची नेहमी थोडी भीती वाटत आली आहे. ते फार पटतं. त्या फुग्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसते, पण ती एका ठरावीक जाडीच्या, ठरावीक दिशेने गेलेल्या तंतूंसाठी काढलेली कड असते. जाड तंतू त्याच्या बाहेरही उद्दीपित होतात, बारीक तंतू आत असूनही शांत राहतात, आणि जिवंत माणसाच्या मेंदूत त्या जागी कोणत्या जाडीचे तंतू किती, हे मोजायची सोय नाही. पुढे मी फुग्याला एकच कड द्यायचं सोडून दोन द्यायला लागले, आत गडद आणि बाहेर फिकी. चित्र कमी देखणं झालं. बैठकीत प्रश्न जास्त यायला लागले, हे बरं झालं.

या चित्राचा खरा उपयोग कशाला, हे मला प्रोग्रॅमिंगच्या खोलीत बसून कळलं. ते काम बहुतेक वेळा अनुभवी नर्सकडे असायचं. तार चार कड्यांची असली तरी प्रत्येक कडं ऋण, धन किंवा बंद, त्यावर व्होल्टेज, स्पंदाची रुंदी, वारंवारता, असं करत मांडण्या हजारोंच्या घरात जातात. एका भेटीत मोजक्याच बघून होतात. नर्स एकेक कडं चालू करते, व्होल्टेज हळूहळू वाढवते, मनगट हलवून ताठरपणा बघते, बोटं आपटायला लावते. मनगटाचा ताठरपणा काही सेकंदांत उतरतो, कंपही लवकर. चालण्यातला फरक यायला मात्र तास, कधी दिवस लागतात, आणि विचारांतला फरक तर त्या खोलीत कुणी मोजतच नाही. म्हणजे जे डोळ्यांदेखत सुधारतं त्यावरच आकडे ठरतात. आणि हात चांगला चालतोय म्हटल्यावर थोडं आणखी वाढवलं जातं, थोडी जादा खात्री म्हणून.

एक निवृत्त गृहस्थ यायचे, बायको बरोबर. नर्सने विचारलं, कसं चाललंय? ते म्हणाले, उत्तम. बोटं खरोखरच छान आपटत होते. बायको म्हणाली, "हात उत्तम आहे. पण हे चालताना बोलत नाहीत आता. मी काही विचारलं की आधी थांबतात, मग उत्तर देतात." असलं वाक्य तपासणीच्या कागदावर लिहायला रकानाच नसतो. आम्ही त्यांचं मॉडेल केलं तेव्हा उद्दीपनाचा भाग हालचालींच्या कोपऱ्यातून खाली-आत बराच उतरलेला दिसला. एक कडं वरचं घेऊन व्होल्टेज कमी करावं, असं मॉडेलचं म्हणणं. डॉक्टरांनी विचार करून तसं केलं. हाताच्या तपासणीत फरक पडला नाही. पुढच्या भेटीत बायकोला विचारलं, तर म्हणाली, "आता परत चालता चालता माझ्याशी वाद घालतात."

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण क्लीव्हलँडच्याच गटाने हा प्रश्न नीट लावून बघितला आणि २०१० मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापला. दहा रुग्ण, प्रत्येकाच्या दोन मांडण्या: एक दवाखान्यात नेहमीच्या पद्धतीने ठरलेली, दुसरी मॉडेलने सुचवलेली, म्हणजे केंद्रकाच्या विचार-भावनांच्या भागात वीज कमीत कमी सांडेल अशी. हालचालींच्या नेहमीच्या परीक्षेत दोन्ही जवळपास सारख्या. पण हाताने दाब सांभाळत असतानाच मघाशी ऐकलेलं अक्षर आठवून सांगायचं, अशी दुहेरी परीक्षा घेतली तेव्हा मॉडेलची मांडणी सरस ठरली. शिवाय वीज सरासरी निम्म्याहून कमी लागली.

हे शेवटचं वाक्य तिथल्या बहुतेकांनी वरकड फायदा म्हणून वाचलं. मला मात्र सांगली आठवली. आमच्या शेजारच्या काकांना डीबीएस झालं आहे. बॅटरी जुन्या, चार्ज न होणाऱ्या प्रकारची. काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, बॅटरी संपत आली म्हणतात. परत ऑपरेशन, परत काही लाख. मशीन कमी खाईल असं काही नसतं का गं?" असतं. गणित साधं आहे. व्होल्टेज निम्मं केलं की खर्च होणारी वीज पावपट होते. समजा रोध १००० ओहम, स्पंद ६० मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला १३०. ३ व्होल्टवर सरासरी सुमारे ७० मायक्रोवॅट जातात, २ व्होल्टवर ३१. डबीतलं इतर यंत्रही थोडी वीज खातं, म्हणून बॅटरीचं आयुष्य बरोबर त्याच प्रमाणात वाढत नाही, पण वाढतं. विम्याच्या जोरावर बॅटरी बदलणाऱ्या देशात ही किरकोळ सोय असेल. खिशातून लाखो रुपये मोजणाऱ्या घरात मॉडेलिंगचा हाच मुख्य फायदा म्हणायला हवा. काकांची मांडणी मी फोनवरून सांगितली नाही, सांगणं बरोबरही नव्हतं. "पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, व्होल्टेज कमी करून, दुसरं कडं घेऊन बघता येईल का," एवढंच म्हणाले.

मॉडेल थिटं पडतं तेही बघितलं आहे. एका बाईंचं बोलणं डीबीएसनंतर अडखळायला लागलं. मॉडेलप्रमाणे वीज केंद्रकातच होती, कॅप्सूलपासून अंतर राखून. तरी जीभ जड. कॅप्सूलमध्ये जाड तंतू असतात, ते लांबूनही उद्दीपित होतात. तारेच्या जागेत अर्ध्या मिलिमीटरची अनिश्चितता धरली तर बाहेरची फिकी कड तिथवर पोचत होती. डॉक्टरांनी चित्र बाजूला ठेवलं आणि बाईंना बोलतं ठेवून, कानाने ऐकत, व्होल्टेज उतरवलं. बोलणं सुधारलं, कंप थोडा परत आला. बाईंनी बोलणं निवडलं. ही निवड कुठल्याही मॉडेलच्या आवाक्यातली नाही आणि असूही नये.

तारेजवळच्या तंतूंवर न थांबता मेंदूतल्या पेशींच्या पूर्ण जाळ्यांची मॉडेलं करणारेही आहेत. जॉनथन रुबिन आणि डेव्हिड टर्मन यांनी २००४ मध्ये दाखवलं की वेगवान उद्दीपनाने जाळ्यातला रोगट ताल मोडतो आणि थॅलॅमसचं काम सुधारतं. सुंदर काम आहे. पण अशा मॉडेलांमधून एका ठरावीक रुग्णासाठी आकडा काढणं अजून जमत नाही, असं माझं मत.

तारा बदलल्या आहेत. आता मधल्या दोन कड्यांचे तीन-तीन तुकडे केलेल्या तारा मिळतात, म्हणजे वीज एका बाजूला वळवता येते. मांडण्यांची संख्या इतकी वाढली की हाताने चाचपडून बघणं अशक्य, आणि पूर्वी हौसेचं वाटणारं मॉडेल गरजेचं झालं. बर्लिनमध्ये आंद्रेआस हॉर्न यांनी सुरू केलेली लीड-डीबीएस ही प्रणाली कुणालाही फुकट उतरवून घेता येते; आपल्याकडच्या एखाद्या हुशार पदव्युत्तर विद्यार्थ्याने ठरवलं तर साध्या संगणकावर काम सुरू होतं. २०२५ मध्ये अमेरिकेत, मेंदूतले संकेत ऐकून आपली वीज आपणच कमीजास्त करणाऱ्या डीबीएसला मान्यता मिळाली. कंपवातात १३ ते ३० हर्ट्झचा, बीटा म्हणतात तो ताल चढतो. यंत्र त्यावर लक्ष ठेवतं. तरीही कोणत्या कड्यातून ऐकायचं आणि कोणत्यातून वीज द्यायची, हा जुनाच प्रश्न तिथेही उरतो.

ज्यांच्या घरी डीबीएस झालेलं माणूस आहे त्यांना एक विनंती. आकड्यांना स्वतः हात लावू नका. पण प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक भेटीनंतर मांडणीचा कागद मागून घ्या, फाइलला लावा आणि रोध व बॅटरीचे आकडेही त्यावर लिहून घ्या. भेटीच्या आधी आठ-दहा दिवस, हाताचा कंप सोडून बाकीचं टिपत जा: चालताना बोलतात का, आवाज बारीक झाला का, हिशेबात अडकतात का, चिडचिड वाढली का, घास गिळताना ठसका लागतो का. रुग्ण "उत्तम" म्हणेल. तरी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.